वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप

वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप : शिक्षकाने आपल्या वर्गातील मुलांच्या पालकांसाठी काढलेला संदेशगट. बोलण्यात ‘शाळेचा ग्रुप’. शिक्षक फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबही वापरतात. पण महाराष्ट्राच्या गावांत शाळा आणि घर यांच्यातली रोजची ये-जा याच ग्रुपवरून होते. त्यामुळे शिक्षकांच्या समाजमाध्यम-वापरातले जवळजवळ सगळे प्रश्न येथे एकत्र सापडतात. ग्रुप सहसा शिक्षकाच्या स्वतःच्या मोबाईलवर आणि स्वतःच्या रिचार्जवर चालतो. शाळेच्या कपाटात हजेरीपत्रक असते, आवक-जावक रजिस्टर असते, ग्रुप मात्र कोणत्याच दप्तरात नसतो.

उदाहरण घ्यायचे तर अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा हे नगरपरिषदेचे गाव. नाशिकजवळची छावणीची देवळाली वेगळी. हा प्रवरेच्या पाण्यावरचा ऊसपट्टा आहे आणि राहुरी फॅक्टरीची वस्तीही याच नगरपरिषदेच्या हद्दीत येते. अशा गावात घरातला स्मार्टफोन बहुधा बापाच्या खिशात असतो आणि बाप दिवसभर शेतात, नाहीतर कामावर. सकाळी अकराला टाकलेला अभ्यास मुलाच्या हाती पडतो रात्री आठला, तोही फोनची बॅटरी उरली असेल तर. म्हणून ‘ग्रुपवर टाकलं होतं’ आणि ‘मुलाला कळलं’ या दोन गोष्टी एक धरता येत नाहीत. हंगामात ऊसतोडीची बिऱ्हाडे येतात-जातात. स्थलांतरित मुलांना जातील तेथल्या शाळेत शिकता यावे म्हणून शिक्षण हमी कार्डाची सोय आहे, पण मूल नेमके कोणत्या फडावर आहे हे मूळ गावच्या गुरुजींना कळते ते फोनवरूनच. ग्रुपचा हा उपयोग खरा आहे आणि मोठा आहे. धोक्यांची यादी वाचताना तो विसरू नये.

वाटचाल : 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच सुमारास ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द रूढ झाला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले, व्हिडिओ कॉलवरून आपल्या मुलांची परदेशातल्या वर्गांशी गाठ घालून दिली आणि डिसेंबर 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातला अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना दिला. मात्र खेडोपाडी ग्रुप पोचला तो टाळेबंदीमुळे. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची ‘अभ्यासमाला’ रोज ग्रुपवरून घरोघरी जाऊ लागली. पाठोपाठ व्हॉट्सॲपवरच प्रश्न सोडवण्याचा ‘स्वाध्याय’ उपक्रम आला. शाळा उघडल्या, ग्रुप तसेच राहिले. साथीपुरती काढलेली सोय पुढे कायमची झाली आणि तिचे नियम ठरवायला कोणाला सवड मिळाली नाही.

‘फोटो टाका’ : शिक्षकाने समाजमाध्यमे जपून वापरावीत असे म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो मुलींना रात्री-अपरात्री मेसेज करणारा माणूस. तो धोका खराच आहे, त्याकडे पुढे वळू. पण महाराष्ट्रातल्या शाळांतून मुलांची माहिती सर्वाधिक बाहेर जाते ती वाईट हेतूने नव्हे, तर पुरावा म्हणून. वृक्षारोपण झाले, फोटो टाका. खिचडी वाटली, फोटो टाका. शपथ घेतली, हात धुवायला शिकवले, अधिकारी येऊन गेले, फोटो टाका. तो आधी केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) ग्रुपवर जातो, तेथून तालुक्याच्या, मग शिक्षकाच्या स्टेटसवर, मग कोणाच्या तरी फेसबुकवर. फोटोत गणवेश असतो, गणवेशावर शाळेचे नाव असते, मागच्या भिंतीवर गाव, तालुका, जिल्हा रंगवलेला असतो. मूल कोण आणि दुपारी कोठे भेटेल, हे सांगायला आणखी काही लागत नाही.

या सवयीचे टोक 2016 मध्ये दिसले होते. गळती रोखण्यासाठी शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा विद्यार्थ्यांच्या गटाबरोबर सेल्फी काढून ‘सरल’ या ऑनलाइन माहिती-प्रणालीवर चढवावा, असा निर्णय शालेय शिक्षण विभागाने नोव्हेंबरात काढला. नेटवर्क कोठून आणायचे आणि शिकवायचे कधी, म्हणून शिक्षकांनी विरोध केला आणि जानेवारी 2017 मध्ये तो निर्णय स्थगित झाला. मुलांचे चेहरे आणि त्यांच्या पालकांची परवानगी हा खरा मुद्दा त्या गदारोळात मागेच पडला.

फोटोपेक्षा कागद जास्त धोक्याचे. ‘अपार’ या बारा अंकी विद्यार्थी-ओळखक्रमांकाची मोहीम 2024 च्या अखेरीस जोरात होती. शाळेतले नाव आणि आधारवरचे नाव जुळत नव्हते. मॅडम ग्रुपवर लिहितात, ‘ज्यांचे राहिले त्यांनी आधार पाठवा’, आणि पाच मिनिटांत ग्रुपवरच आधारकार्डांची रांग लागते : पुढची बाजू, मागची बाजू, एखादे तिरपे, एखाद्यावर काढणाऱ्याच्या अंगठ्याची सावली. पाठोपाठ शिष्यवृत्तीसाठी पासबुकाचे पहिले पान आणि जातीचा दाखला. चाळीस घरांची कागदपत्रे चाळीस फोनांच्या गॅलरीत आपोआप उतरतात. यात कोणाचाच हेतू वाईट नसतो. ‘मला पर्सनलवर पाठवा’ एवढे तीन शब्द त्या सूचनेत असते तर हे टळले असते. त्याहून बरे म्हणजे मुलाच्या दप्तरात झेरॉक्स मागवणे. गुणांची यादी, फी थकलेल्यांची नावे, गैरहजर मुलांची नावे यांचेही तेच. फळ्यावर लिहिलेले संध्याकाळी पुसले जाते, ग्रुपवरचे राहते.

कायदा : डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 हा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि मुलाची माहिती हाताळण्याआधी पालकाची पडताळता येईल अशी संमती मागतो. मुलांविषयीची कर्तव्ये मोडल्यास दंडाची कमाल मर्यादा 200 कोटी रुपये आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. घरगुती वापराला या कायद्यातून सूट आहे, पण शिक्षकाचा मोबाईल घरचा असला तरी ग्रुपचे काम शाळेचे असते. त्या सुटीच्या आडोशाला शाळेने उभे राहू नये, हे बरे. प्रवेशाच्या वेळी एका कागदावर पालकाची सही घेणे अवघड नाही. त्यात फोटो कोठे जाईल हे स्पष्ट लिहिलेले हवे आणि ‘नको’ म्हणायलाही जागा हवी.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, 2012 म्हणजे पॉक्सो. त्याच्या कलम 11 नुसार लैंगिक हेतूने बालकाशी वारंवार संपर्क साधणे हा लैंगिक छळ आहे, मग तो समोरासमोर असो की इलेक्ट्रॉनिक साधनाने. कलम 19 नुसार असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हाही गुन्हा. आणि कलम 23 पीडित बालकाची ओळख उघड करण्यास मनाई करते. यात नाव-फोटोच नव्हे तर घरच्यांची माहिती, शेजार आणि शाळाही येते. हे कलम शिक्षकांच्या ग्रुपवर सहज मोडले जाते. शेजारच्या तालुक्यात काही घडले की ‘कोणती शाळा?’ हा पहिला प्रश्न येतो आणि दुसऱ्या मिनिटाला उत्तरही. आक्षेपार्ह चित्रफीत ‘बघा काय चाललंय’ म्हणून पुढे ढकलणेही गुन्ह्यात बसू शकते. मुलांचे अश्लील चित्रण बाळगणे व पसरवणे यावर पॉक्सो आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम 67ब ही दोन्ही लागतात.

विद्यार्थ्याशी खासगी संदेश : याचा सरळ उपाय म्हणजे सरसकट बंदी, असे अमेरिकेतल्या मिसुरी राज्याला वाटले. शिक्षक-विद्यार्थ्यांच्या खासगी ऑनलाइन संपर्काला आळा घालणारा कायदा तेथे 2011 मध्ये झाला. शिक्षक-संघटना न्यायालयात गेल्या, ऑगस्टमध्ये त्याला स्थगिती मिळाली आणि त्याच वर्षी ते कलम मागे घ्यावे लागले. ज्यांची स्वतःची मुले त्याच शाळेत शिकत होती त्या शिक्षकांनी काय करायचे, याचे उत्तर कायद्यापाशी नव्हते. आपल्याकडे तर गुरुजी गावातलेच, नात्यातलेही असू शकतात. मुलगी कोणाची तरी पुतणी निघते. येथे बंदीपेक्षा उघडेपणा जास्त कामाला येतो. मुलाशी बोलायचे ते पालकाच्या नंबरवर किंवा ग्रुपवर. मुलाने स्वतःहून खासगीत काही विचारले तर उत्तर पालक दिसतील अशा ठिकाणी. मुलाच्या फोटोला लाईक, स्टेटसला हृदय, इन्स्टाग्रामवर फॉलो, यांतले काहीच शिकवण्यासाठी लागत नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपची किमान वयोमर्यादाच 13 वर्षे आहे. प्राथमिक वर्गातल्या मुलाचे स्वतःचे खाते गुरुजींना दिसले तर त्याची मैत्री-विनंती स्वीकारण्याऐवजी ती बातमी घरी सांगायची असते. मुलाने त्रासाची तक्रार केली तर मात्र ‘पालकांना विचार’ म्हणून हात झटकता येत नाहीत. त्रास देणारा घरातलाच असू शकतो. तेव्हा मुख्याध्यापक, मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असलेली सखी सावित्री समिती, बालकांसाठीचा मदतक्रमांक 1098 आणि पोलीस या वाटा आहेत.

अफवा : 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा (ता. साक्री) येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. अशी टोळी आल्याची अफवा कित्येक दिवस व्हॉट्सॲपवर फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. शाळेच्या ग्रुपवर ‘मुलांना एकटे सोडू नका, टोळी आली आहे’ असे एखादा पालक टाकतो तेव्हा बाकीचे पालक गुरुजी काय म्हणतात याची वाट पाहतात. गुरुजी गप्प राहिले तर तो होकार धरला जातो. ‘पोलीस ठाण्यात विचारले, असे काही नाही’ ही एक ओळ टाकायला फोन करण्याचे कष्ट पडतात, पण त्या ओळीला गावात वजन असते.

ग्रुपवर कोणी सदस्याने भलतेच टाकले तर केवळ ॲडमिन आहे म्हणून शिक्षक गुन्हेगार ठरत नाही. समान हेतू किंवा आधीच ठरवलेला कट दिसायला हवा, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये स्पष्ट केले आहे. तरी ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवतील’ ही सोय 2018 पासून आहे आणि सूचनांच्या ग्रुपला ती लावणे शहाणपणाचे. तोटा इतकाच की मग आईबापांना बोलायला जागा उरत नाही. काही शिक्षक रविवारी तासभर ग्रुप मोकळा करतात; त्यात लग्नाच्या शुभेच्छा अधिक आणि शाळेचे बोलणे थोडे, पण तेही चालते.

शिक्षक नागरिक म्हणून : जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना 1967 चे वर्तणूक नियम लागू आहेत, खासगी संस्थांतल्या शिक्षकांना 1981 ची सेवाशर्ती नियमावली. 28 जुलै 2025 रोजी सामान्य प्रशासन विभागाने समाजमाध्यमांसाठी वेगळे परिपत्रक काढले : वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, वैयक्तिक खात्यावर शासकीय बोधचिन्ह, गणवेश, वाहन, इमारत दिसू नये, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये, बदली झाल्यावर कार्यालयीन खाते पुढच्याकडे सोपवावे. यातले खाती वेगळी ठेवण्याचे आणि सोपवण्याचे कलम उत्तम आहे. टीकेबद्दलचे कलम मात्र शिक्षकाला अवघड जाते, कारण वर्गखोली गळते असे लिहिणे ही टीका की माहिती, हे वाचणारा साहेब ठरवतो. महाराष्ट्राने फेसबुकवरच्या दोन ओळींसाठी अटक झालेलीही पाहिली आहे. पालघरच्या 2012 च्या त्या प्रकरणातून सुरू झालेल्या लढाईत सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी अशा अटकांसाठी वापरले जाणारे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम 66अ रद्द केले.

बारीकसारीक : पालकाने सिम बंद केले की तो नंबर किमान नव्वद दिवसांनी दुसऱ्याला मिळू शकतो. म्हणून सत्राच्या सुरुवातीला ग्रुपमधले नंबर हजेरीपत्रकाशी ताडून पाहावे लागतात. लग्नपत्रिका किंवा वाहनाचे चलान म्हणून येणारी, शेवटी ‘एपीके’ लिहिलेली फाईल उघडू नये. तिच्यातून फोन आणि बँकखाते दुसऱ्याच्या ताब्यात जाते. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदतक्रमांकावर लगेच फोन करावा.

चौथीची मुले मे महिन्यात शाळा सोडतात आणि पाचवीला दुसरीकडे जातात. ग्रुपचे नाव ‘इयत्ता चौथी’च राहते. त्यावर आता गुड मॉर्निंग येते, कोणाच्या तरी दुकानाच्या उद्घाटनाचे निमंत्रण येते, आणि वर बोट सरकवत गेले की दोन वर्षांपूर्वीची आधारकार्डे अजून तेथेच असतात. ॲडमिनने प्रत्येकाला काढून ग्रुप बंद केला तरी चाळीस गॅलऱ्यांतली चित्रे पुसली जात नाहीत; तेवढ्यासाठी निरोपाचा एक संदेश लिहून पालकांना ती काढून टाकायला सांगावे लागते, आणि जूनमध्ये नवा ग्रुप नव्या यादीने काढावा लागतो.