नळ

नळ : तृणकुलातील (पोएसी) बहुवर्षायू पाणथळ वनस्पती. शास्त्रीय नाव फ्रॅग्मायटिस कर्का. चिखलात पसरणाऱ्या भूमिगत खोडापासून पुरुषभर उंचीच्याही वर जाणारे, पेरांचे पोकळ दांडे फुटतात. शेंड्याला मऊ तुरा येतो. पाणकणीस (टायफा) लांबून नळासारखेच दिसते, मात्र त्याचे तपकिरी, मखमली कणीस ओळखू येते. त्याच्या दांड्यात गर असल्याने नळीच्या कामी ते निरुपयोगी.

नाशिक जिल्ह्यात अशा वनस्पतींची बेटे पाहावीत ती निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वरला. गोदावरी-कादवा संगमाजवळ बंधारा झाला, गाळ साचत गेला आणि उथळ पाण्यात पाणकणीस, लव्हाळे माजले. ही दलदल निसर्गाइतकीच पाटबंधाऱ्याची देणगी आहे. १९८६ मध्ये येथे पक्षी अभयारण्य झाले; २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. जांभळी पाणकोंबडी येथे कोवळा कोंब पायाच्या बोटांत धरून सोलून खाताना दिसते.

नळाच्या दांड्यापासून बासरी, चटई, टोपली आणि बोरू (लेखणी) होतो. बोरूचे टोक तिरके छाटून मधोमध बारीक चीर देतात. शाई तिच्यातून उतरते. हात न उचलता लिहायच्या मोडी लिपीला हे साधन फार मानवले.

वाद्यांतील जिभाळीसाठी (फुंकताच थरथरणाऱ्या पट्टीसाठी) मात्र नाशिक जिल्ह्यात नळावाचून अडत नाही. सनईची दुहेरी जिभाळी ताडाच्या पानाची. सुरगाणा, पेठ भागातील तारपा व पावरी या फुंकवाद्यांत भोपळ्याला मेणाने दोन नळ्या बसवतात. आतल्या बांबूच्या बारीक नळीलाच चीर देऊन जीभ मोकळी केलेली असते आणि तिच्यावर मेणाचा कण कमी-जास्त करून सूर जुळवतात. वादक गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही. आदिवासींच्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी रात्र-रात्र चालते, ती या दमावर. वरातीच्या बँडमधील क्लॅरिनेटची पट्टी मात्र खऱ्या नळवर्गीय गवताची, अरुंडो डोनॅक्सची. त्यासाठी दक्षिण फ्रान्समधील व्हार भाग नावाजलेला आहे.

सांडपाणी गाळण्याच्या मूळक्षेत्र पद्धतीतही नळ लावतात. मुळांभोवतीचे जीवाणू सेंद्रिय घाण कुजवतात.