आणखी एक पँट टाका, बाई

बीजेचा चंद्र दिसला की महाराष्ट्रातल्या अनेक घरांत एक छोटासा व्यवहार होत असे. अंगावरच्या वस्त्राची एक दशी ओढून काढायची, ती चंद्राला वाहायची आणि जुने घेऊन नवे देण्याची विनंती करायची. देवाजवळ माणसे धन मागतात, संतान मागतात. चंद्राजवळ कापड मागितले जाई, आणि तेही फुकट नाही, जुन्याचा धागा आधी त्याच्या हवाली करून.

चंद्राने हा सौदा किती वेळा पुरा केला ते त्यालाच ठाऊक. तसाच सौदा भर दुपारी, दारात फतकल मारून, रोखठोक पुरा करणारी बाई मात्र होती. तिला बोहारीण म्हणत.

तिची वेळ ठरलेली. पुरुष कामावर गेलेले, मुले शाळेत, जेवणाची भांडी घासून पालथी घातलेली; अशा वेळी चाळीच्या नाहीतर वाड्याच्या जिन्यात ‘भांडीऽऽय’ अशी हाळी उठे. डोक्यावर टोपली, तीत एकात एक बसवलेली पातेली, डबे, वाट्या, ताटे. खांद्यावर कपड्यांचे गाठोडे. टोपली उतरवून ती आधी पाणी मागे. मग घरातले बोचके सुटे आणि तपासणी सुरू होई. पँट उजेडाकडे धरून बसण्याची जागा विरली आहे का, हे ती पाही. शर्टाची कॉलर उलटून बघे. साडी दोन्ही हातांनी ताणून बघे. तिचा जीव पँटवर. पुरुषाची पँट दुसऱ्या कुणाच्या कमरेला चढू शकते, तिला गिऱ्हाईक हमखास मिळते. विटलेल्या सुती साडीचे तसे नव्हते. म्हणून घासाघीस फिरून फिरून एकाच वाक्याशी येई : ‘आणखी एक पँट टाका, बाई, डबा जड आहे.’ घरधनीण म्हणे, ‘एवढ्यात तर दोन डबे येतील!’ बोहारीण टोपली डोक्यावर घेई, जिन्याच्या तोंडापर्यंत जाई आणि परत येई. ती परत येणार हे दोघींनाही माहीत असे. संध्याकाळी नवऱ्याला आपली आवडती पँट सापडत नसे; फडताळातला नवा डबा दिसला की तपास संपे.

ज्या मुंबईत गिरण्यांचे भोंगे वाजत होते आणि शेअर बाजार भरत होता, तिथेच नाण्याला हात न लावणारी ही अदलाबदल विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सुखेनैव चालली. तिची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. घरच्या बाईच्या हातात रोकड नसे, पण जुन्या कपड्यांवर तिची सत्ता असे. नवऱ्याकडे पैसे न मागता तिला स्वतःच्या हिकमतीवर संसारात भर घालता येई, ती या टोपलीतून. दोन बायका, दोघींनाही पैशाचा तुटवडा, आणि मधे एक पातेले.

मुंबईतल्या बोहारणी बहुतेक करून वाघरी समाजातल्या. हा समाज मूळचा गुजरातेतला. आता तो स्वतःला देवीपूजक म्हणवतो. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत वाघरी हे नाव आहे. म्हणजे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का ज्यांच्या कपाळी मारला गेला, त्यांच्यात यांची गणना झाली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय रद्द व्हायला वेळ लागला. बोहारीण दारात आली की मुलांना ‘बाहेरचे कपडे आत आण’ असे हळूच सांगणारी घरे होती. तिच्याकडून डबा घ्यायचा, पण तिला उंबऱ्याच्या आत घ्यायचे नाही, अशी ती रीत.

बोहारणीच्या गाठोड्यात कपडा पडायचा तो त्याच्या आयुष्याच्या मध्यावर. त्याआधी घरात त्याचे बरेच काही होऊन गेलेले असे. नऊवारी लुगडे मधोमध विरले की विरलेला भाग कापून उरलेले दोन तुकडे जोडत. त्याला दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडे नेसणे हे गरिबीचे लक्षण खरे, पण ते नेसून चारचौघींत जाता येई. लुगड्याचा चांगला भाग उरला तर मुलीला परकर-पोलके. धोतर जुने होऊन मऊ पडले की त्याची लंगोटी, झबली, दुपटी. यात काटकसर होती, तसेच शहाणपणही होते : नव्या कापडाला खळ असते, ती बाळाच्या कातडीला टोचते, शंभरदा धुतलेले धोतर टोचत नाही. शर्टाची कॉलर झिजली की शिंपी ती उसवून उलटी बसवून देई.

आणि गोधडी. कुठे तिला वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, मधे बारक्यासारक्या चिंध्या भरायच्या, वर त्यातल्या त्यात धडका पदर आणि मग कडेने धावदोरा घालत चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत यायचे. उन्हाळ्यात, शेतीची कामे आटोपल्यावर, अंगणात चार बायका चार कोपऱ्यांना बसत. गोधडी पांघरणाऱ्याला कोणता तुकडा कुणाच्या लुगड्याचा हे सांगता येई. गोधडीच्या मायेवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. ती जड असते, धुताना दोघींना पिळावी लागते आणि वाळायला दोन दिवस घेते, हे त्या मानाने कमी लिहिले गेले. लिहिणारे बहुधा पांघरणारे होते.

गोधडीही फाटली की पायपुसणे, आणि पायपुसणेही गेले की पोतेरे. शेणामातीने चूल किंवा जमीन सारवायची ती चिंधी म्हणजे पोतेरे. आयुष्याचे पोतेरे झाले असे मराठी माणूस म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात कापडाची ही शेवटची पायरीच असते. विशेष म्हणजे हीच उतरंड दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पाली विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, नोंदलेली आहे. कौशाम्बीच्या उदेन राजाच्या राण्यांनी बुद्धाचा शिष्य आनंद याला पाचशे चीवरे दान दिली. राजाला शंका आली, हा भिक्खू कापडाचे दुकान काढतो की काय! त्याने विचारत विचारत नेले, आनंद सांगत गेला. नवी चीवरे विरलेल्या चीवरांच्या भिक्खूंना वाटणार. जुन्यांची अंथरुणांवरची आच्छादने होतील. जुन्या आच्छादनांच्या गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवरच्या बैठका, मग पायपुसणी, मग फडकी, आणि अखेर त्या फडक्यांचे तुकडे करून चिखलात तुडवून त्याने जमीन सारवणार. राजाने खूश होऊन आणखी पाचशे दिली.  मावळातल्या एखाद्या आजीला ही गोष्ट सांगितली असती, तर त्यात गोष्ट ती काय, असे तिने विचारले असते.

आपल्या आज्या पर्यावरणस्नेही होत्या असे हल्ली वारंवार ऐकू येते. तसे म्हणणे म्हणजे त्यांच्या अडचणीला नंतर लावलेले गोंडस नाव आहे. कापड महाग होते, म्हणून ते जपले जाई. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, सरकारला कापडावर नियंत्रण आणावे लागले, इतकी टंचाई झाली. कापडाला जीव होता म्हणूनच ते जाळणे ही राजकीय कृती ठरू शकली. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात सावरकर आणि त्यांच्या सोबत्यांनी विदेशी कपड्यांची होळी केली. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला गांधीजींनी केली. हे कपडे जाळण्यापेक्षा गरिबांना का देत नाही, असा सवाल तेव्हा विचारला गेला; गांधीजींचे मित्र सी. एफ. अँड्र्यूज यांनाही ही होळी रुचली नव्हती. परळला त्या दिवशी आजूबाजूच्या चाळींतून कुणी बोहारीण गेली असेल, तर तिच्याही मनात काही वेगळे आले नसणार.

चिंधीला प्रतिष्ठा देणारा एक माणूस मात्र महाराष्ट्राने पाहिला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर ठिगळांचे कपडे घालून, हातात खराटा आणि फुटके गाडगे घेऊन गावोगाव फिरले. गाडगेबाबा हे नाव रूढ झाले, पण लोकांनी त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवाही म्हटले. फुटके भांडे आणि फाटके कापड, बोहारणीच्या धंद्यातल्या दोन्ही वस्तू, त्यांनी टाकाऊ ठरल्यानंतर उचलल्या.

आता टोपलीतल्या भांड्यांकडे. जुन्या घरातले तांब्या-पितळेचे भांडे हे धनच होते. ते लग्नात मिळे, गहाण पडे, मोडीत विकले जाई, आणि त्याला वेळोवेळी कल्हई करावी लागे. कल्हईवाला भाता लावी, भांडे तापवी, नवसागराची पूड टाकून धुराचा लोट उठवी आणि कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्याने आतून पुसून काढी. काळे भांडे चांदीसारखे होई. ते बघायला गल्लीतली पोरे जमत. असले भांडे दोन पँटींना कोण देणार? बोहारणीचा धंदा बहरला तो आधी अॅल्युमिनियम आणि मग स्टेनलेस स्टीलच्या जोरावर. साधारण १९६० नंतर स्टीलची भांडी मध्यमवर्गात शिरली. ती हलकी, चकचकीत, कल्हई नको, आंबट पदार्थ कळकत नाही. मुंबईजवळ भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने उभे राहिले. घराघरातली पितळी पातेली माळ्यावर गेली, आणि कल्हईवाल्याच्या हाळीची जागा बोहारणीच्या हाळीने घेतली.

गाठोडे पाठीवर टाकून ती निघून गेली की गृहिणीच्या लेखी विषय संपे. बोहारणीचा दिवस मात्र अर्धाच झालेला असे. घरी जाऊन कपडे निवडायचे, धुवायचे, उसवलेले शिवायचे, बटणे लावायची, इस्त्री करायची आणि जुन्या कपड्यांच्या बाजारात ढीग मांडायचा. घालण्याजोगे कपडे मजूर, हमाल, नुकते शहरात आलेले लोक घेत. सुती साड्यांचे तुकडे गॅरेजात आणि कारखान्यांत यंत्रे पुसायला जात. खऱ्या जरीचा शालू किंवा पैठणी असेल तर ती वेगळीच बाब : तिचे काठपदर जाळून राखेतून चांदी काढणारे लोक होते.

लोकरीच्या कपड्यांची वाट पानिपतकडे जाते. मराठी मनात पानिपत १७६१ शी बांधलेले आहे. कापडाच्या धंद्यात पानिपत म्हणजे जगभरच्या चिंध्यांचे गाव. परदेशांतून आलेले जुने कोट नि स्वेटर तिथे बायका विळ्यावर कापतात, बटणे आणि चेन काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात. रंग निवडूनच लावल्यामुळे नव्याने रंगवावे लागत नाही. मग ते पिंजून त्याचे सूत काढतात आणि स्वस्त ब्लँकेटे विणतात. ही युक्ती इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या बॅटली गावी बेंजामिन लॉ याने १८१३ च्या सुमारास काढली, असे मानतात. भूकंपात, पुरात वाटली जाणारी करडी-राखी ब्लँकेटे बहुधा याच जातीची.

जुन्या कपड्यांच्या धंद्याने देशाला एक मोठी संस्था दिली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १९७१ मध्ये अहमदाबादच्या मजूर महाजन संघाच्या महिला विभागात इला भट काम करत होत्या. डोक्यावरून कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या बायकांची दाद लागते आहे हे ऐकून जुने कपडे विकणाऱ्या बायका त्यांच्याकडे आल्या : सावकार लुटतात, पोलीस हाकलतात, आमचेही बघा. बागेत सभा झाली, शंभरावर बायका जमल्या, आणि आपली स्वतःची संघटना हवी ही सूचना त्यांच्यातल्याच एकीने केली. तीच ‘सेवा’. १९७२ मध्ये तिची नोंदणी झाली. १९७४ मध्ये चार हजार बायकांनी दहा-दहा रुपये घालून आपली बँक काढली. त्या बँकेची कल्पना जिच्या तोंडून आली, तीही जुने कपडे विकणारीच होती.

पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिचे नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. या नावात कापड नाही. यावरून एवढे तरी म्हणता येईल की, तोवर कापड ही कचऱ्यातली मोठी वस्तू झालेली नव्हती. ते बोहारणीच्या गाठोड्यातून परस्पर जात होते.

मग ते कचऱ्यात आले कसे? टेरिलीन आणि टेरिकॉट आले तेव्हा बोहारणीला बरेच वाटले असेल; टेरिकॉटची पँट लवकर विरत नाही. पण कृत्रिम धाग्याची साडी पाणी शोषत नाही. तिचे पोतेरे होत नाही, पायपुसणे होत नाही, यंत्राचे तेल तिने पुसले जात नाही, गोधडीत घातली तर थर सरकतात. कापडाच्या उतरंडीच्या खालच्या पायऱ्याच निखळल्या. पाठोपाठ कपडे इतके स्वस्त झाले की नवा टी-शर्ट वडापावच्या हिशेबात बसू लागला, मग जुना कोण विकत घेणार? इमारतींच्या फाटकावर रखवालदार बसला आणि फेरीवाल्यांना प्रवेश बंद झाला. दुपारी घरी असणारी बाई नोकरीला गेली. हाळी द्यायची कुणाला?

बोहारीण अगदीच नाहीशी झालेली नाही. जुन्या वस्त्यांत, लहान गावांत ती अजून दिसते. टोपलीत स्टीलच्या जोडीला प्लास्टिकचे टब आणि बादल्या असतात. मोठ्या सोसायट्यांत तिच्याऐवजी ‘कपडे दान करा’ अशी पेटी आली आहे. पेटी घासाघीस करत नाही, पँट उजेडाकडे धरून बघत नाही, आणि म्हणून तिच्यात काहीही टाकले जाते : ओले, मळलेले, एकच मोजा, चेन गेलेली पिशवी. निवडणाऱ्या माणसाचे काम त्याने दुप्पट होते. तेव्हा दिवाळीत माळा आवरताना एवढे करावे : कपडे धुऊन, घडी घालून द्यावेत, फाटके आणि धडके वेगळे बांधावेत, आणि देण्याआधी बटणे काढून शिवणाच्या डब्यात टाकू नयेत.