हॉकनींचा माळरानातला रस्ता

डेव्हिड हॉकनी म्हटलं की कॅलिफोर्नियातले पोहण्याचे तलाव आठवतात; १९६७च्या 'अ बिगर स्प्लॅश'ने ती ओळख पक्की केली. त्यामुळे १९३७ साली ब्रॅडफर्डला जन्मलेले हे चित्रकार साठीच्या सुमारास यॉर्कशरची शेतं रंगवू लागले, तेव्हा थकलेला माणूस गावाकडे परतला असा समज होणं सोपं होतं. माझ्या मते त्यांची निसर्गचित्रं हा एका जुन्या वादाचा पुढचा टप्पा आहे. चित्र कॅमेऱ्यासारख्या एका जागी खिळलेल्या डोळ्यासाठी का असावं, हा तो वाद. १९८६च्या 'पेअरब्लॉसम हायवे'त त्यांनी शेकडो छायाचित्रं जोडली. त्यातली पाटी, झुडपं, रस्त्याकडेचा कचरा, सारं जवळ जाऊन टिपलेलं. दोनच वर्षांनी त्यांनी चिनी गुंडाळीचित्रावर माहितीपट केला. अशा चित्रात नजर एका बिंदूवर थांबत नाही, दृश्याबरोबर पुढे सरकते. १९९७ साली आजारी मित्र जोनाथन सिल्व्हर यांच्या भेटीसाठी यॉर्कशरमधल्या वोल्ड्सच्या टेकड्यांतून मोटारीने ये-जा करताना हॉकनींना त्याच नजरेचा विषय सापडला: वळणावळणाचा रस्ता.

हा गावाकडचा ओढाच नव्हे का, असं कुणी म्हणेल. ओढा होताच, किशोरवयात त्यांनी याच भागातल्या शेतांवर काम केलं होतं. पण हळव्या आठवणीला गोठलेला एकच क्षण पुरतो. हॉकनींनी २००६मध्ये वोल्डगेटचं रान वेगवेगळ्या ऋतूंत त्याच जागी पुन्हा पुन्हा रंगवलं आणि २००७मध्ये वॉर्टरजवळची झाडं पन्नास कॅनव्हास जोडून सुमारे बारा मीटर रुंद केली. त्या चित्रापुढे मान वळवल्याशिवाय, पावलं टाकल्याशिवाय पाहणं पुरं होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: कॅमेऱ्याच्या नजरेवर टीका करणाऱ्याने कॅमेरे आणि आयपॅड का वापरावेत? त्यांचा विरोध यंत्राला नव्हता, एकाच जागेच्या आणि एकाच क्षणाच्या सक्तीला होता. म्हणूनच त्यांनी मोटारीवर नऊ कॅमेरे बसवून तेच रान चित्रित केलं. रंग वाळण्याची वाट न पाहता बदलता उजेड पकडता येतो, म्हणून २०११चा वसंत आयपॅडवर उतरवला. त्यातली काही चित्रं मोठ्या छपाईत सपाट वाटतात, हे मान्य. तरी छायाचित्रणानंतर निसर्गचित्राला नवं काही सांगायचं उरलं नाही, हा दावा या कामापुढे टिकत नाही. झाड पाहायला वेळ लागतो आणि तो वेळ चित्रात आणता येतो, हे हॉकनींनी सिद्ध केलं आहे.