विक्रीकर, नाणी व मौल्यवान धातूंवरील (भारतातील)

सोने, चांदी, प्लॅटिनम इ. मौल्यवान धातू, त्यांच्या लगडी व अलंकार, तसेच संग्रहासाठी वा गुंतवणुकीसाठी घेतली जाणारी नाणी यांच्या खरेदी-विक्रीवर आकारला जाणारा अप्रत्यक्ष कर. इतर वस्तूंवरील विक्रीकराहून या कराचा इतिहास दोन बाबतींत वेगळा आहे. पहिली बाब अशी की, नाणे हा पैसाही असतो आणि धातूची वस्तूही असते. पैशावर विक्रीकर बसत नाही, वस्तूवर बसतो. त्यामुळे नाण्याचे पैसापण केव्हा संपते, हे ठरविणे करनिर्धारणासाठी आवश्यक ठरते. दुसरी बाब अशी की, धान्य किंवा कापड यांप्रमाणे सोने वापराने संपत नाही. तेच सोने आटवून, घडवून व मोडून पिढ्यान्‌पिढ्या बाजारात येत राहते व प्रत्येक नव्या खरेदीच्या वेळी करपात्र होऊ शकते. या दोहोंचा भार अखेरीस आपली शिल्लक दागिन्यांच्या वा नाण्यांच्या रूपाने ठेवणाऱ्या सामान्य कुटुंबावर पडतो.

पूर्वपीठिका : मौल्यवान धातूंपासून राज्यसंस्थेने उत्पन्न मिळविण्याची प्रथा प्राचीन आहे, मात्र तो विक्रीकर नसून नाणी पाडण्याबद्दलचा आकार होता. कौटिलीय अर्थशास्त्रात नाण्यांच्या संदर्भात शेकडा ८ रूपिक, शेकडा ५ व्याजी आणि शेकडा १/८ पारीक्षिक असे तीन आकार सांगितले आहेत. मराठेशाहीत विविध टांकसाळींचे रुपये एकाच वेळी चालत असल्याने सराफ नाण्याचा कस व वजन पाहून बट्टा कापून घेत. म्हणजेच नाणे हातोहात चालत असले, तरी त्याचे मोल धातूवरूनच ठरे; पैसा आणि वस्तू यांतील भेद व्यवहारात स्पष्ट झालेला नव्हता.

१८३५ च्या नाणेविषयक अधिनियमाने ब्रिटिश हिंदुस्थानात १८० ग्रेन वजनाचा व अकरा-द्वादशांश शुद्धतेचा चांदीचा एकच रुपया रूढ झाला. एक तोळा म्हणजे रुपयाचेच वजन असल्याने सोने तोलण्याचे मापही नाण्याशी जोडले गेले. कोणीही चांदी टांकसाळीत आणून ठराविक आकार दिल्यास तिचे रुपये पाडून मिळत. त्यामुळे रुपयाचे दर्शनी मूल्य व त्यातील चांदीची किंमत यांत फार अंतर पडत नसे. चांदीचे जागतिक भाव कोसळल्यावर हर्शेल समितीच्या शिफारशीनुसार २६ जून १८९३ रोजी खासगी चांदीसाठी टांकसाळी बंद करण्यात आल्या. तेव्हापासून रुपया हे प्रतीक-नाणे बनले व नाण्याचे चलनमूल्य धातुमूल्यापासून वेगळे झाले.

पुढील अर्धशतकात हे वेगळेपण दुसऱ्या टोकास गेले. इंग्लंडचे सॉव्हरिन (गिनी या नावाने लोकांत परिचित) हे सुवर्णनाणे १८९९ पासून १५ रुपये दराने हिंदुस्थानात विधिग्राह्य होते. १९१८ साली मुंबईतही ते पाडण्यात आले. १९२७ च्या चलन अधिनियमाने त्याची विधिग्राह्यता संपली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ ते १९४३ या वर्षांत, व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा व सहावा जॉर्ज यांच्या मुद्रेचे जुन्या कसाचे चांदीचे रुपये क्रमाक्रमाने चलनातून काढून घेण्यात आले. लोकांनी घरात ठेवून घेतलेले राणीछाप रुपये व गिन्या यांपुढे पैसा न राहता केवळ चांदी-सोने झाली. विक्रीकराची पद्धती देशात सुरू होत असतानाच हे घडले, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

विक्रीकराचा आरंभ : १९३५ च्या भारत सरकार अधिनियमाने वस्तूंच्या विक्रीवरील कर हा विषय प्रांतांकडे सोपविला. मध्य प्रांत व वऱ्हाड येथे १९३८ मध्ये मोटार-इंधनाच्या विक्रीवर कर बसविण्यात आला. सर्वसाधारण स्वरूपाचा पहिला विक्रीकर मद्रास प्रांताने १९३९ च्या अधिनियमान्वये लागू केला. त्या अधिनियमातच सोन्या-चांदीच्या लगडी व धातूंची नाणी यांच्या विक्रीस, विहित अटी व परवाने यांच्या अधीन राहून, करातून सूट देण्यात आली होती. कापूस, सूत व हातमागाचे कापड यांच्या बरोबरीने ही सूट दिलेली होती. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये विक्रीकर अधिनियम केला; १९५३ व १९५९ च्या अधिनियमांनी त्याची पुनर्रचना झाली. संविधानाने हा विषय राज्यसूचीत (नोंद ५४) ठेवला. आंतरराज्य विक्रीसाठी संसदेने १९५६ मध्ये केंद्रीय विक्रीकर अधिनियम संमत केला. राज्यांनी आकारावयाच्या करावर ज्यांच्या बाबतीत मर्यादा घातली त्या विशेष महत्त्वाच्या वस्तूंत कोळसा, कापूस, लोखंड व पोलाद, ताग, तेलबिया इ. वस्तू होत्या, सोने-चांदी नव्हती. परिणामी त्यांच्यावरील कराचे दर व सवलती ठरविण्यास राज्ये मोकळी राहिली.

नाणे : पैसा की वस्तू : १९३० च्या मालविक्री अधिनियमात ‘माल’ या संज्ञेतून पैसा वगळलेला आहे. १९५८ च्या गॅनन डंकर्ली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विक्रीकराच्या संदर्भातील ‘मालाची विक्री’ या शब्दांना मालविक्री अधिनियमातील अर्थच द्यावयाचा असे ठरविले. त्यामुळे चालू नाणे देणे हा विक्रीचा व्यवहार होत नाही, हे निश्चित झाले. परंतु चलनातून गेलेल्या किंवा चलनात असूनही संग्राह्य म्हणून घेतलेल्या नाण्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

या संदर्भात १८९९ चा मॉस विरुद्ध हॅनकॉक हा इंग्लंडमधील खटला मार्गदर्शक मानला जातो. चोरीस गेलेले पाच पौंडांचे सुवर्णनाणे एका दुर्मिळ वस्तूंच्या व्यापाऱ्याने विकत घेतले होते. ते नाणे विधिग्राह्य असले, तरी या व्यवहारात ते चलन म्हणून फिरले नसून संग्राह्य वस्तू म्हणून विकले गेले, असे न्यायालयाने ठरविले व ते मूळ मालकास परत देवविले. म्हणजे नाण्याचे स्वरूप त्यातील धातूवरून वा त्यावरील मुद्रेवरून नव्हे, तर ते कोणत्या हेतूने हस्तांतरित झाले यावरून ठरते.

महाराष्ट्रातील पुतळ्यांची माळ हे या तत्त्वाचे परिचित उदाहरण होय. पुतळी हे नाव मुख्यतः व्हेनिसच्या डुकाट या सुवर्णनाण्यास व त्याच्या अनुकृतींस मिळाले. व्यापारातून आलेल्या या नाण्यांना कड्या डाखून त्यांची माळ केली की नाण्याचा अलंकार होतो. अडचणीच्या वेळी माळेतील एखादी पुतळी सुटी करून विकली की तीच पुन्हा धातू म्हणून तोलली जाते. लक्ष्मीपूजनास मांडला जाणारा चांदीचा रुपया व १९६९ साली गांधी जन्मशताब्दीनिमित्त काढलेले दहा रुपयांचे चांदीचे नाणे यांचीही गती अशीच आहे. दर्शनी मूल्याने ती कोणी खर्च करीत नाही.

लगडी, धातूंची नाणी आणि अलंकार यांतील भेदही करदृष्ट्या महत्त्वाचा ठरला, कारण अनेक राज्यांच्या अनुसूचींत त्यांच्या नोंदी व दर वेगवेगळे होते. केरळमधील जी. एस. पै आणि कंपनीच्या खटल्यात आटविण्यासाठी विकत घेतलेले जुने सोन्याचे दागिने ‘बुलियन व स्पेसी’ या नोंदीत मोडतात काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. कर-अनुसूचीतील शब्दांचा अर्थ त्या वस्तूंचा व्यवहार करणारे लोक जो समजतात तोच घ्यावा, या तत्त्वानुसार दागिना हा आटविला जाईपर्यंत दागिनाच असतो, लगड नव्हे, असा निर्णय झाला (१९८० मध्ये प्रकाशित). मोड देऊन नवा दागिना घेण्याच्या प्रथेमुळे सराफी व्यवहारात हा प्रश्न नित्याचाच होता.

दर कमी राहण्याची कारणे : सोने-चांदीवरील विक्रीकराचा दर कमी ठेवण्यामागे श्रीमंतांच्या चैनीस सवलत देण्याचा हेतू होता, अशी टीका वारंवार झालेली आहे. तथापि खरे कारण मुख्यत्वे कराच्या वसुलीत आहे. सोन्याचे आकारमान अल्प व मूल्य मोठे असते. ते आटविल्यावर त्याचे मूळ ओळखता येत नाही. पावतीविना व्यवहार करणे विक्रेता व ग्राहक या दोघांनाही सोयीचे वाटते. दर वाढला की चोरट्या व्यवहाराचा लाभ त्याच प्रमाणात वाढतो व हिशेब चोख ठेवणारा सराफ स्पर्धेत मागे पडतो. शेजारच्या राज्यात दर कमी असल्यास व्यापार तिकडे वळतो.

कठोर नियंत्रणाचा अनुभवही उत्साहवर्धक नव्हता. जानेवारी १९६३ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली सुवर्णनियंत्रण लागू करून १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास मनाई करण्यात आली. हजारो सुवर्णकारांचा रोजगार त्यामुळे बुडाला, मात्र तस्करी थांबली नाही. १४ कॅरटचे बंधन १९६६ मध्ये उठले. १९६८ चा सुवर्ण (नियंत्रण) अधिनियम १९९० मध्ये रद्द झाला.

राज्यांनी १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर स्वीकारण्यास प्रारंभ केला, तेव्हाही हाच विचार प्रभावी ठरला. जानेवारी २००५ च्या श्वेतपत्रिकेत ४ व १२·५ टक्के हे मुख्य दर होते. सोने, चांदी व त्यांचे दागिने यांसाठी १ टक्का हा विशेष दर सुचविण्यात आला. महाराष्ट्रातही याच दराने आरंभ झाला. केंद्राने २०१२ मध्ये बिनछापाच्या दागिन्यांवरही १ टक्का उत्पादन शुल्क बसविले. सराफांनी दुकाने बंद ठेवल्यावर ते मागे घेण्यात आले. २०१६ मध्ये ते पुन्हा लागू झाले, तेव्हा संप सुमारे सहा आठवडे चालला. या वेळी मात्र शुल्क कायम राहिले.

वस्तू व सेवा कर : एकशे एकाव्या संविधान दुरुस्तीनंतर (२०१६) १ जुलै २०१७ पासून राज्यांचा मूल्यवर्धित कर व केंद्रीय उत्पादन शुल्क यांची जागा वस्तू व सेवा कराने घेतली. सोने, चांदी, प्लॅटिनम, त्यांचे दागिने व सोन्या-चांदीची नाणी यांवर एकूण ३ टक्के (केंद्राचा १·५ व राज्याचा १·५) हा स्वतंत्र दर ठरला. सप्टेंबर २०२५ मधील दरांच्या पुनर्रचनेतही तो बदलला नाही.

नाण्याविषयीचा जुना प्रश्न या अधिनियमाने व्याख्येतच सोडविला आहे. पैसा हा ‘माल’ या संज्ञेतून वगळलेला असून पैशाच्या व्याख्येत भारतीय विधिग्राह्य चलन व परकीय चलन यांचा समावेश होतो. मात्र नाणकशास्त्रीय मूल्यासाठी बाळगलेले चलन पैसा मानले जात नाही. मॉस विरुद्ध हॅनकॉक खटल्यातील हेतूची कसोटी अशा रीतीने भारतीय करकायद्याचा भाग बनली आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्र शासनाने विक्रीस आणलेले अशोकचक्रांकित सुवर्णनाणे विधिग्राह्य चलन नसल्याने मुळातच वस्तू ठरते. अदलाबदलीचाही अधिनियमातील ‘पुरवठा’ या संज्ञेत समावेश असल्याने, मोडीच्या बदल्यात घेतलेला दागिना ही विक्री नव्हे, असा युक्तिवाद आता करता येत नाही.

जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्यास वापरलेल्या वस्तूंविषयीच्या नियमाच्या अटी पाळल्यास खरेदी व विक्री यांतील फरकावरच कर देता येतो : १,००० रुपयांस घेतलेले नाणे १,४०० रुपयांस विकल्यास ४०० रुपये करपात्र ठरतात. सोने आटविल्यावर वस्तूचे स्वरूपच बदलत असल्याने तेथे ही सोय लागू होत नाही.

यूरोपीय संघाने याच प्रश्नास वेगळे उत्तर दिले आहे. तेथे १ जानेवारी २००० पासून गुंतवणुकीचे सोने मूल्यवर्धित करातून मुक्त आहे. नाण्याच्या बाबतीत शुद्धता किमान हजारी ९००, निर्मिती १८०० नंतरची, मूळ देशात विधिग्राह्यता (चालू वा पूर्वीची) आणि विक्रीची किंमत सामान्यतः त्यातील सोन्याच्या बाजारमूल्यापेक्षा ८० टक्क्यांहून अधिक नसणे, अशा अटी आहेत. चांदीस ही सूट नाही. बचतीचे सोने व संग्रहाचे नाणे यांत तेथे भेद केला जातो. भारतीय कायद्यात लगड, गुंतवणुकीचे नाणे आणि अलंकार यांना एकच दर लागू आहे.

मूल्यमापन : वस्तू व सेवा करात व्यापाऱ्यास खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते, कुटुंबास ती मिळत नाही. एक लक्ष रुपयांच्या सोन्यावर ग्राहक ३,००० रुपये कर देतो. अडचणीच्या वेळी ते सोने सराफास विकताना, व्यक्तीचा तो धंदा नसल्याने, त्यावर कर लागत नाही, असे केंद्र शासनाने जुलै २०१७ मध्ये स्पष्ट केले. तथापि पूर्वी भरलेला करही परत मिळत नाही. आटविलेले तेच सोने दुसऱ्या घरी जाताना पूर्ण किंमतीवर पुन्हा करपात्र होते. उपभोगावरील कर म्हणून रचलेली पद्धती बचतीच्या साधनास लावल्याचा हा परिणाम होय. बँकेतील ठेव काढून पुन्हा ठेवण्यावर असा कर नाही. मात्र ज्या शेतकरी व कष्टकरी कुटुंबांची ठेव एखाद्या बोरमाळेत वा पाटलीत असते, त्यांना तो प्रत्येक नव्या खरेदीबरोबर द्यावा लागतो. दर कमी ठेवल्याने हा भार सौम्य झाला आहे, नाहीसा झालेला नाही. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झालेले शुद्धतेचे प्रमाणचिन्ह मुख्यतः ग्राहकहितासाठी असले, तरी दागिन्याची नोंद राहू लागल्याने कर चुकविणेही कठीण होऊ लागले आहे. वसुलीची अडचण हे दर कमी ठेवण्याचे कारण जसजसे क्षीण होईल, तसतसा बचतीच्या सोन्यास वस्तू मानावे की पैशासारखे वागवावे, हा मूळ प्रश्न अधिक ठळकपणे पुढे येईल.