उंचीवरून पडणे (लोखंडी बांधकाम)

लोखंडी सांगाडा उभारताना, त्यावर पत्रे चढवताना किंवा त्याची दुरुस्ती करताना कामगार खाली कोसळून होणारा अपघात. पेण तालुक्यात या कामाची दोन टोके दिसतात : डोलवीचा पोलाद कारखाना आणि जोहे-हमरापूर पट्ट्यातील गणपतीच्या कारखान्यांच्या शेड. मोठ्या प्रकल्पात उंचीवर चढण्यापूर्वी परवाना लागतो. शेडवर बहुधा ठेकेदाराचा शब्द पुरतो.

सहा मीटरवरून सुटलेला माणूस सेकंदाहून जरा जास्त वेळात ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. सिमेंटचा जुना पत्रा वरून धडधाकट दिसतो, पण पाय परलिनवर (पत्र्याखालच्या आडव्या आधारावर) न पडता मध्ये पडला की तो फुटतो. म्हणून पत्र्यावर फळी टाकून तिच्यावरूनच चालायचे असते. उभारणीत मोठा धोका एका बीमवरून दुसऱ्यावर जाताना असतो, कारण नेमका तेव्हाच बेल्टच्या दोरीचा हुक काढलेला असतो. दोन दोऱ्यांचा हार्नेस याचसाठी : एक हुक अडकल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही.

बेल्ट दिला की सुरक्षा झाली, हा गैरसमज फार पसरलेला आहे. दोरी १.८ मीटर, झटका शोषणारी पट्टी उलगडून आणखी जवळपास पावणेदोन मीटर, शिवाय माणसाची उंची. पायाखालच्या बीमला हुक लावला, तर पडणारा थांबेपर्यंत त्याचे पाय सुमारे पाच मीटर खाली गेलेले असतात. चार मीटरच्या शेडमध्ये असा बेल्ट शोभेचाच. हुक डोक्याच्या वर हवा. तो अडकवायची लाइफलाइन माणूस चढण्याआधी बांधलेली हवी. खरी जबाबदारी इथे आहे, आणि ती कामगाराची नव्हे.

कधी सांगाडाच कोसळतो. शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर ३१ जुलै २०२३ च्या रात्री गर्डर बसवणारे यंत्र गर्डरसह खाली आले. २० जण दगावले. अशा वेळी अंगावरचा बेल्ट निरुपयोगी.

पोलादी सांगाडा उभारणीसाठी आयएस ७२०५ ही भारतीय संहिता १९७४ पासून आहे. बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा मात्र दहा किंवा अधिक कामगारांच्या कामांपुरता होता. चौघांनी दोन दिवसांत बदलायचे पत्रे त्याच्या बाहेरच राहिले.

पडलेल्याला उचलून रिक्षात घालू नये. त्याची मान व पाठ न हलवता रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा.