रोगी शरीर आणि विम्याचा करार



आयुर्विमा म्हटला की एजंटाची बॅग आणि हप्त्याची पावती एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. मी कामगार संघटनेचे काम करणारा माणूस. शाळा लवकर सुटली. पुढे जे शिकलो ते गावच्या वाचनालयात आणि दाव्यांच्या कागदांत. परंतु मधुमेह असलेला किंवा क्षयातून उठलेला कामगार जेव्हा विचारतो, "दादा, विम्याच्या अर्जात हे लिहू की नको?" तेव्हा त्याला उत्तर देण्यासाठी मला अडीचशे वर्षे मागे जावे लागले.

लंडनमध्ये १७०६ साली अमिकेबल सोसायटी निघाली. पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाला ती घेत नसे. जेम्स डॉडसन ह्या गणित शिकविणाऱ्या गृहस्थास ह्याच कारणावरून नकार मिळाला. तेव्हा त्याने मृत्यूच्या नोंदी घेऊन हिशेब मांडला, की ज्याचा धोका अधिक त्याचा हप्ता अधिक घ्या, पण त्याला दारातून परत पाठवू नका. तो १७५७ साली वारला. त्याच्या हिशेबावर उभी राहिलेली इक्विटेबल सोसायटी १७६२ साली सुरू झाली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये डॉ. रॉजर्स व विमागणिती हंटर यांनी निरोगी माणसाचा आकडा शंभर धरून प्रत्येक व्याधीपोटी त्यात भर घालण्याची रीत बसविली. आकडा चढला की हप्ता चढला. आजही आपला अर्ज ह्याच तराजूत पडतो.

आता आपल्याकडे पाहा. १८१८ साली कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी निघाली ती युरोपियनांच्या सोयीसाठी. त्या काळच्या परदेशी कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवीतच नसत, आणि उतरविलाच तर जादा हप्ता घेत. म्हणजे खोकला नको, ताप नको. हिंदी असणे हीच व्याधी! कलकत्त्याचे मोतीलाल सील ह्यांनी ह्याविरुद्ध खटपट केली. पण सरसकट बरोबरीचा हप्ता घेऊन हिंदी माणसाला विमा देण्याचे काम १८७० साली निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलने केले. आपल्या मुंबईच्या इतिहासात गिरण्या आणि गोद्यांची वर्णने पुष्कळ येतात; ह्या गोष्टीला एक ओळ मिळाली तरी पुष्कळ.

पण मूळ प्रश्न अर्जातील खऱ्याखोट्याचा. त्याचा उगम एका विलक्षण खटल्यात आहे. सुमात्रा बेटावरील इंग्रजांच्या किल्ल्याचा गव्हर्नर कार्टर ह्याने फ्रेंचांच्या हल्ल्याविरुद्ध विमा उतरविला. फ्रेंच खरेच आले, आणि विमा देणाऱ्या बोमने म्हटले, किल्ला कच्चा होता हे मला सांगितले नाही. १७६६ साली लॉर्ड मॅन्सफील्डने निकाल दिला. विम्याचा करार परम विश्वासाचा आहे, एका पक्षाला ठाऊक असलेली महत्त्वाची गोष्ट त्याने दडवू नये, हे तत्त्व त्यात आले. विमा कंपन्यांचे वकील ते आजतागायत सांगतात. मात्र दोन गोष्टी ते हळूच गिळतात. एक, हे बंधन दोन्ही पक्षांवर आहे. आणि दुसरी, त्या खटल्यात जिंकला तो कार्टर.

आपल्या देशात १९३८ च्या विमा कायद्यातील कलम ४५ ह्याच वादासाठी आहे. पॉलिसीला दोन वर्षे झाल्यावर विधान चुकीचे निघाले एवढ्यावर विमा नाकारता येऊ नये. ते विधान महत्त्वाचे होते, आणि विमेदाराने ते जाणूनबुजून लबाडीने केले, हे कंपनीने दाखवावे, असे त्याचे स्वरूप. ह्याची परीक्षा मिठूलाल नायक विरुद्ध आयुर्विमा महामंडळ ह्या खटल्यात झाली. पॉलिसी १९४५ ची; विमेदार १९४६ साली वारला; कंपनीने १९४७ साली पैसे नाकारले. अर्जाच्या आधी तो पंडुरोग, पायांवरील सूज, धाप ह्यांवर औषध घेत होता आणि हे त्याने लपविले होते. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. मधल्या काळात, १९५६ साली, २४५ विमा संस्था राष्ट्राच्या मालकीच्या होऊन महामंडळ जन्मास आले होते, म्हणून प्रतिवादी महामंडळ.

२०१५ साली हे कलम बदलले. आता तीन वर्षे पुरी झाली की कोणत्याही कारणाने पॉलिसीला हरकत घेता येत नाही. हे कळल्यापासून आमच्या सभांत एक हुशारी ऐकू येते: "तीन वर्षे निभावली की झाले!" माझे मत स्पष्ट आहे. हा जुगार आहे, आणि डाव बायकोमुलांचा लागतो. ही तीन वर्षे पॉलिसी बंद पडून पुन्हा चालू केली की त्या दिवसापासून नव्याने मोजली जातात. कामगाराची पॉलिसी बंद पडते केव्हा? संप लांबला, लूम बंद पडले, दवाखान्याचे बिल आले तेव्हा. पुनरुज्जीवन करताना प्रकृतीचे निवेदन पुन्हा लिहून द्यावे लागते. पहिल्या अर्जाच्या वेळी नसलेला मधुमेह तोवर आलेला असतो, आणि एजंट घाईने "नाही, नाही" अशा खुणा करीत जातो. एका विधवाबाईच्या अशाच प्रकरणात मी दोन वर्षे खेटे घातले. अर्ज इंग्रजीत, अक्षर एजंटाचे, सही मात्र तिच्या नवऱ्याची.

ह्या ठिकाणी २०१५ च्या कायद्यातील एक वाक्य प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे असे मला वाटते: करार जुळवून आणणारा माणूस हा विमा देणाऱ्याचा एजंट समजावा. शिवाय लबाडी नसून नुसती चूक असेल आणि त्या कारणाने पॉलिसी नाकारली, तर भरलेले हप्ते नव्वद दिवसांत परत करावे लागतात. म्हणून माझे उत्तर एकच. आजार लिहा, औषधाचे नाव लिहा, भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्या. जादा हप्ता पडेल. डॉडसनचा हिशेबच तो आहे.

पण ज्याला जादा हप्ता परवडत नाही त्याचे काय? येथे मी संघटनेचा माणूस म्हणून बोलतो. एकेका माणसाला तराजूत घातले की रोगी माणूस महाग पडतो. सगळा कारखाना एकत्र घातला की तो प्रश्न विरघळतो. १९७६ साली भविष्य निर्वाह निधीला जोडून जी विमा योजना आली, तिच्यात कामगाराकडून एक पैसाही घेत नाहीत, मालक भरतो. आणि वैद्यकीय तपासणी नाही. २०२१ पासून तिची कमाल रक्कम सात लाख आहे. अट एवढीच, की निधीच्या यादीत नाव हवे. आमच्याकडे यंत्रमागावर बारा तास उभे राहणाऱ्या कित्येकांचे नाव हजेरीपटावरही नाही. ती नावे चढविण्यासाठी घरोघर जाऊन पगाराच्या चिठ्ठ्या गोळा करण्याचे काम आम्ही चालविले आहे. सभागृहात कोणी मागमालक बसले असतील, तर व्याख्यानानंतर मला जरूर भेटावे.