झाडाचं नाव कुणी सांगितलं?

पावसाळी रानभाज्यांचा कार्यक्रम झाल्यावर बऱ्याच गटांतून एकच प्रश्न आला. एका भाजीला आमच्याकडे फोडशी म्हणतात, पलीकडच्या गावात तिलाच कुलू म्हणतात. मग तिचं खरं नाव कोणतं? प्रश्न साधा वाटला, पण उत्तर शोधताना आमच्या हाती साडेचारशे वर्षांचा इतिहास लागला. झाडांना नावं कशी मिळाली, ती पुस्तकात कुणी लिहिली, आणि लिहिणाऱ्याला ती कुणी सांगितली, हे आज थोडक्यात बघू या.

सुरुवात आपल्या शेजारच्या गोव्यातून करू. १५६३ साली गोव्यात एक पुस्तक छापलं गेलं. लिहिणारे होते गार्सिया द ओर्ता नावाचे पोर्तुगीज डॉक्टर. इकडच्या औषधी वनस्पती, मसाले, फळं यांची माहिती त्यांनी दोन माणसांच्या गप्पांच्या रूपात लिहिली. या गप्पांमध्ये मधूनच अँतोनिया नावाची एक बाई येते. ती डॉक्टरांच्या घरातली दासी. डॉक्टर हाक मारतात, अमुक पाला आण, तमुक फळ दाखव, आणि ती घेऊन येते. पाहुणे बघतात, हुंगतात, चर्चा करतात. पुस्तक पुढं युरोपभर गेलं, लॅटिनमध्ये उतरलं, डॉक्टरांचं नाव झालं. अँतोनियाबद्दल मात्र फारसं काही कळत नाही. आता विचार करा, सांगितलेला पाला बरोबर तोच आणायचा, तर तो ओळखता यायला हवा. म्हणजे ज्ञान तिच्याकडंही होतं. तरी बरं, तिचं नाव तेवढं पुस्तकात राहिलं. पुढच्या काळात पाला आणून देणाऱ्यांची नावंसुद्धा राहिली नाहीत.

यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी केरळात, कोचीला, डच लोकांचा अंमल होता. तिथले अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड यांनी मलबारातल्या झाडांचा मोठा ग्रंथ करायला घेतला. नाव होतं ‘हॉर्टस मलबारिकस’, म्हणजे मलबारची बाग. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड ॲमस्टरडॅमला छापले गेले. त्यात सातशेहून जास्त वनस्पती आहेत आणि त्यांची मोठी, सुंदर चित्रं आहेत. या कामात इट्टी अच्युतन नावाचे एळवा समाजातले वैद्य होते. त्या काळच्या समाजानं या जातीला खालचं मानलं होतं, पण औषधांची विद्या त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट असे तीन कोकणी वैद्यही होते. या सगळ्यांनी आपण माहिती दिल्याचं लेखी सांगितलं आणि ते ग्रंथात छापलं गेलं. कोकणी वैद्यांचा मजकूर चक्क नागरी लिपीत आहे, जी आपण रोज वाचतो तीच लिपी. इथं माहिती सांगणाऱ्यांची नावं ग्रंथाच्या सुरुवातीलाच आली, म्हणून आज साडेतीनशे वर्षांनी आपल्याला ती घेता येतात. नावं लिहिली की काय होतं, हे यावरून कळतं. पण रानात जाऊन फांद्या, फुलं, मुळं गोळा करणाऱ्यांची नावं इथंही राहिली नाहीत.

आता नावांच्या घोळाकडे येऊ. गावागावात नाव बदलतं, देशादेशात तर बदलतंच. शिवाय पूर्वीचे पंडित एकेका झाडाला चार-चार ओळींचं लॅटिन वर्णन हेच नाव म्हणून द्यायचे. स्वीडन देशातल्या कार्ल लिनियस यांनी १७५३ साली यावर एक सोपी पद्धत पक्की केली. प्रत्येक वनस्पतीला दोनच शब्दांचं नाव द्यायचं. आपल्या बचत गटाच्या हजेरीवहीत आपण आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितो ना, तसंच. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा तिचा स्वतःचा. आंबा म्हणजे ‘मँगिफेरा इंडिका’. यातला ‘मँगा’ कुठून आला? दक्षिणेत आंब्याला मांगा म्हणतात, पोर्तुगिजांनी तो शब्द उचलला आणि तो लॅटिन नावात जाऊन बसला. परसातल्या मायाळूचं शास्त्रीय नाव ‘बसेला’. तेही मलबारातल्या बोलीतल्या नावावरूनच आलेलं. लिनियस कधी भारतात आले नव्हते. मलबारच्या झाडांसाठी त्यांनी त्या बारा खंडांचा आधार घेतला. म्हणजे वैद्यांनी, रानात फिरणाऱ्यांनी तोंडी सांगितलेलं जगभरच्या शास्त्राच्या पायात गेलं.

आता आपल्या सह्याद्रीत येऊ. इंग्रजांच्या काळात पुण्याजवळ दापोडीला सरकारी बाग होती. तिची देखभाल अलेक्झांडर गिब्सन नावाचे डॉक्टर करत. पुढं १८४७ साली ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. दापोडीच्या बागेतल्या झाडांची सुंदर चित्रं त्यांनी एका इथल्याच चित्रकाराकडून काढून घेतली. ती चित्रं आज स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला जपून ठेवली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. गिब्सन आणि निकोल डाल्झेल या दोघांनी मिळून १८६१ साली मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचं पुस्तक काढलं. नंतर पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात त्याहून मोठा ग्रंथ लिहिला. महाराष्ट्रातल्या झाडांचा अभ्यास करणारे आजही तो उघडतात. त्यात लॅटिन नावांबरोबर ठिकठिकाणी मराठी नावंही आहेत. साहेबांना ही नावं कुणीतरी सांगितली असणार. गुराख्यांनी, लाकूडफाट्याला गेलेल्या बायकांनी, वैदूंनी, माळ्यांनी.

याच काळातल्या दोन झाडांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून बघू. जुन्नरच्या बाजूच्या डोंगरकड्यांवर एक मांसल देठांची, तांबूस फुलांची वनस्पती येते. तिला मराठीत शिंदळ माकुडी म्हणतात. डाल्झेल यांनी १८६०च्या दशकात तिची शास्त्रात नोंद केली आणि नाव दिलं ‘फ्रेरिया इंडिका’. फ्रेरिया हे नाव मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रेयर यांच्यावरून आलं. झाड आपल्या कड्यावरचं, नाव गव्हर्नरचं. दुसरी गोष्ट कारवीची. कारवी आपण सगळ्या ओळखतो. तिच्या काठ्यांचे कूड घालून, वरून शेण-माती लिंपून घरं उभी राहिली. ती सात वर्षांतून एकदा फुलते आणि मग अख्खा डोंगर जांभळा होतो. एका डच शास्त्रज्ञांनी १९४४ साली तिला वेगळं घराणं दिलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘कार्व्हिया’. ते सरळ आपल्या कारवीवरून घेतलेलं. तर नाव साहेबाचं द्यायचं की गावाच्या तोंडचं घ्यायचं, हा ज्याच्या हातात लेखणी होती त्याचा निर्णय होता.

आता तुमच्या फोडशीचं उत्तर देतो. फोडशी, कुलू ही दोन्ही नावं खरी आहेत. यातलं कुठलंही चुकीचं नाही आणि कुठलंही गावंढळ नाही. शास्त्रात तिचं घराणं ‘क्लोरोफायटम’. याच घराण्यातली सफेद मुसळी औषधी मुळांसाठी विकली जाते. तिचं पूर्ण नाव ‘क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम’, म्हणजे बोरिवलीची. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवणारे फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी पन्नासच्या दशकात तिची नोंद केली. शास्त्रीय नावाचा उपयोग इथं कळतो. घराण्यातल्या दोन बहिणी दिसायला सारख्या असतात, पण बाजारात एकीच्या मुळांना भाव असतो, दुसरीच्या नसतो. व्यापाऱ्यानं नाव सांगून मागणी केली, तर आपण नक्की काय देतोय हे आपल्याला ठाऊक हवं. आणि मुळं खणून विकली की पुढच्या वर्षी ती जागा मोकळी राहते, हेही.

इथवर लिहिणारे सगळे पुरुष होते. आता एका बाईंचं नाव सांगतो. डॉ. जानकी अम्माळ. जन्म १८९७चा, केरळातल्या थलश्शेरीचा. ज्या काळी मुलींची लग्नं लवकर उरकायची, त्या काळी त्या अमेरिकेत शिकल्या आणि १९३१ साली वनस्पतिशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन आल्या. कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्रात त्यांनी उसाच्या जातींवर काम केलं. पुढं इंग्लंडमध्ये काम करून पंडित नेहरूंच्या बोलावण्यावरून त्या परत आल्या आणि देशातल्या वनस्पतींची मोजदाद करणाऱ्या सरकारी संस्थेची, म्हणजे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची, नव्यानं घडी बसवण्याचं काम त्यांच्याकडं आलं. याच संस्थेचं पश्चिम विभागाचं केंद्र १९५५ साली पुण्यात सुरू झालं. त्यांच्या पत्रातली एक हकिगत आम्हाला फार लागली. शिलाँगपासून सदतीस मैलांवर एक दुर्मिळ झाड होतं, त्या भागात तेवढं एकच. ते बघायला त्या मुद्दाम गेल्या. पोचल्या तर झाड जाळून टाकलेलं होतं. बाई पुढं आदिवासींच्या वनस्पतिज्ञानाकडं वळल्या, आणि केरळातलं सायलेंट व्हॅलीचं रान धरणात जाऊ नये म्हणूनही बोलल्या. १९७७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

झाड ओळखायचं तर नुसतं पान-फूल बघून भागत नाही. ते कुठं येतं, कुणाच्या सोबतीनं येतं, हे बघावं लागतं. शास्त्रात याला अधिवास म्हणतात. आपल्याकडं हे ज्ञान अधिवास हा शब्द न वापरता आहे. टाकळा कुठं मिळेल, तर पडीक जागेत, वाटेच्या कडेला. कुर्डू बांधावर. शेवळ पहिल्या पावसात रानातल्या सावलीत. ते घशाला खाजतं म्हणून त्यात काकडं घालायची, हेही सोबत येतं. हेच शास्त्र साताऱ्याच्या कास पठारावर मोठ्या रूपात दिसतं. खाली जांभा खडक, वर मातीचा पातळ थर, पावसाळ्यात पाणी साचलेलं आणि उन्हाळ्यात सगळं करपलेलं. अशा सड्यांवर जी झाडं येतात ती इतरत्र सहसा येत नाहीत. तिथल्या एका निळसर-जांभळ्या इवल्या फुलाला सीतेची आसवं म्हणतात. मातीत कस नाही म्हणून ही वनस्पती बारीक पिशव्यांत किडे पकडून जगते. तिथलाच दुफाट्या तुऱ्याचा वायतुरा १९८२ साली शास्त्राच्या वहीत आला. त्याच्या लॅटिन नावात सातारा आहे. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं गेलं, त्यात कास आहे. पण असे कितीतरी सडे सरकारी कागदावर नुसते पडीक म्हणून लिहिलेले असतात. कागदावर पडीक म्हटलं की मुरूम उचलायला, जेसीबी लावायला कुणी विचारत नाही. म्हणून तिथं काय उगवतं हे कागदावर असलं पाहिजे.

आणि तसा कागद करण्याचा हक्क आता आपल्याला आहे. २००२ साली जैवविविधता कायदा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोकांना विचारून गावाची जैवविविधता नोंदवही करायची असते. २००४च्या नियमांनी या समितीत किमान एक तृतीयांश बायका असाव्यात असं सांगितलं. धंद्यासाठी कुणी गावातली वनस्पती गोळा करून नेत असेल, तर शुल्क घ्यायचा अधिकारही समितीला आहे. पण प्रत्यक्षात काय होतं? आमच्या फिरतीत आम्ही एक नोंदवही बघितली. ती कचेरीत बसून भरलेली होती. आंबा, वड, पिंपळ, बाभूळ, झालं. रानभाजी एकही नाही, कारण बायकांना कुणी विचारलंच नव्हतं. माहिती सांगणाऱ्यांच्या रकान्यात चार पुरुषांची नावं होती. अँतोनियाला निदान नाव तरी होतं.

दुसरी बाजूही आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी गावरान बियाणं जपलं, वाटलं, आणि कुठलं वाण कुठल्या जमिनीत येतं हे नावानिशी सांगितलं. २०२० साली पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. सांगणारीचं नाव पुढं आलं की ज्ञानही टिकतं, हे आपण डोळ्यांदेखत पाहिलं.

तेव्हा पुढच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाल्यावर अर्धा तास एवढं करा. एक वही घ्या. एका पानावर एकच वनस्पती. आपल्या वाडीतलं नाव, शेजारच्या गावातलं नाव, माहेरचं नाव, सगळी लिहा. एकही खोडू नका. ती कुठं येते, बांधावर, सड्यावर की ओढ्याकाठी. कोणत्या महिन्यात. काय वापरतो, पान, फूल की कंद. पूर्वी किती मिळायची आणि आता किती. तणनाशक फवारल्यापासून बांधावरची कुर्डू गेली असेल, तर तेही. औषधाची माहिती लिहायची की नाही, हे सांगणारीनं स्वतः ठरवावं. तिच्यावर जबरदस्ती नको. पानाच्या शेवटी मात्र एक ओळ न विसरता भरा: माहिती कुणी सांगितली. तिथं बाईचं पूर्ण नाव येऊ द्या, ‘अमुकची आई’ किंवा ‘तमुकची सून’ नको. वही भरली की तिची प्रत ग्रामसभेत द्या, आणि दिल्याची नोंद इतिवृत्तात झाली का, तेही बघा.

वयस्कर बायांपासून सुरुवात करा. त्यांच्याकडं नावं जास्त आहेत आणि वेळ कमी आहे.